चित्रगती-रूपांतर

चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या वेगळी असते. एका माध्यमातली दृश्ये दुसऱ्यात नेताना तिचा मेळ घालण्याची प्रक्रिया. बोलपटांबरोबर, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सिनेमाची गती सेकंदाला २४ फ्रेम अशी ठरली. दूरचित्रवाणीने आपला ठेका विजेकडून घेतला. युरोपात आणि भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून पाल पद्धतीत २५ फ्रेम; अमेरिकेत ६० हर्ट्झची, म्हणून एनटीएससीत ३०. तिथे १९५३मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरताना रंग आणि ध्वनीच्या संकेतांचा एकमेकांना अडथळा होऊ नये म्हणून हा आकडा २९.९७वर आणला गेला.

पालमधली रीत सोपी: चित्रपट सरळ २५च्या गतीने चालवायचा. तीन तासांचा चित्रपट मग सात मिनिटे बारा सेकंद लवकर संपतो. खरे नुकसान होते ते गाण्यांचे. आवाज वेगळा दुरुस्त केला नाही, तर काळी एकमधला षड्ज पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतो आणि ओळखीचा गळा कोवळा वाटू लागतो.

एनटीएससीत एवढा वेग वाढवणे शक्यच नव्हते. तिथे फ्रेमची वाटणी करतात. दूरचित्रवाणीची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. चित्रपटाची एक फ्रेम दोन फील्डपुरती ठेवायची, पुढची तीन. चार फ्रेममधून दहा फील्ड, म्हणजे पाच फ्रेम तयार होतात. चित्रपटाची गतीही २३.९७६पर्यंत उतरवतात. सूर शाबूत राहतो, पण हालचाल अडखळते. कॅमेरा इमारतीवरून संथ फिरत असेल, तर खांब एकसारखे सरकत नाहीत, हिसके देत जातात.

मूकपटांवर याहून मोठा अन्याय झाला. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची गती ठरावीक नसे. १६ फ्रेमने चित्रित केलेले ३५ मिलिमीटरचे हजार फुटी रीळ पावणेसतरा मिनिटे चालायला हवे. २४ने चालवले की ते अकरा मिनिटांत संपते आणि गंभीर प्रसंगातली माणसेही तुरुतुरु पळतात.

ब्लू-रेवर २४ फ्रेम जशाच्या तशा ठेवता येतात. जुन्या पाल डीव्हीडीवर तीन तासांचा चित्रपट १७३ मिनिटांचा दिसला, तर प्रसंग कापले असे ठरवण्याआधी मूळ कालावधीला २५ने भागून २४ने गुणून पाहावे.