भिंत नसलेला तुरुंग

भोरजवळच्या आमच्या आंबवड्यात शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. त्यामुळे संस्थानी काळाच्या गोष्टी इथे निघतातच. पण आज दुसऱ्या संस्थानाची, औंधची गोष्ट सांगतो. 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. कल्पना पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांची. कैद्यांना कसायला जमीन, भोवती भिंत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) यावरूनच सुचला. कथाकार गदिमा त्याच मुलखातले. चित्रपट सर्वांना आठवतो. मला मात्र मोठी वाटते ती एकच सवलत: बायकामुले सोबत. एरवी माणूस आत गेला की बायको माहेरी, जमीन भाऊबंदांकडे. सुटल्यावर परतायचे कुठे? स्वतंत्रपुरात शिक्षा चालू असतानाच चूल पेटत होती. ती वसाहत आजही आहे.