गायरानाची कुळकथा

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली जमीन. शब्द गाय आणि रान या दोन पदांचा. रान हे संस्कृत अरण्याचे रूप, पण मराठवाड्यात त्याचा अर्थ झाडीपुरता उरला नाही. हदगावचा शेतकरी ‘रानात चाललो’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या शेताकडे निघालेला असतो. त्या अर्थाने गायरान हे गुरांच्या वाट्याचे शेत. पश्चिम महाराष्ट्रात याच जमिनीला गुरचरण म्हणतात. हदगावच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेले, की तिचे नाव ‘ई-क्लास’ होते. एका नदीच्या दोन काठांवर एकाच जमिनीला दोन नावे पडली, ती मोजणीमुळे.

मोजणीपूर्वी गावाला शीव होती, शिवेच्या आत वाहितीची आणि पडीक अशी जमीन होती. जमीन भरपूर आणि ती कसणारे हात थोडे, म्हणून ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर कमी साऱ्याचा कौल देऊन कुळे आणावी लागत. पडीक माळावर गावाची गुरे चरत. सकाळी घरोघरची जनावरे आखरावर जमत आणि गायकी ती घेऊन जाई. सुगी झाली की वाहितीची रानेही गुरांना मोकळी होत. म्हणजे एकच शेत पावसाळ्यात कसणाऱ्याचे आणि उन्हाळ्यात गावाचे असे. या वहिवाटीत सगळे सारखे नव्हते. पाटील-कुलकर्ण्यांचा शब्द वरचढ होता, महार-मांगांचा हक्क त्यांच्या गावकामाशी बांधलेला होता. तरीही चराईसाठी कोणाला कागद दाखवावा लागत नसे.

हे बदलले ते जमीन मोजणीच्या साखळीने. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ पासून पुणे जिल्ह्यातील इंदापुरात मोजणीची नवी पद्धत बसवली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीवर दगड, मातीची प्रत पाहून साऱ्याचा आकार, आणि तो आकार तीस वर्षांसाठी कायम. आकार भरणारा खातेदार आपले शेत विकू शके, गहाण टाकू शके. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, आणि पुढच्या दशकात ही पद्धत तिथे पोचली. वऱ्हाडात सरकारी जमिनींना इंग्रजी अक्षरांचे वर्ग दिले गेले. गावाच्या मोफत चराईच्या जमिनीला ‘ई’ आले आणि ते आजही लोकांच्या तोंडी आहे.

नदीच्या दक्षिणेला राज्य निजामाचे राहिले. १८५३ ते १८८३ या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी सारावसुलीचे मक्ते मोडले आणि १८६५ मध्ये जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून पगारी अधिकारी नेमले. पुढे मराठवाड्यात मुंबईच्या नमुन्यावर मोजणी व बंदोबस्त झाला. इंग्रजांचा अंमल नसतानाही हदगावच्या शेतांना इंग्रजी वळणाचे सर्व्हे नंबर मिळाले. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ च्या सुमाराच्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याने ही रचना पक्की झाली.

गायरान हा प्राचीन सामाईक मालकीचा उरलेला अवशेष आहे, असा समज सर्वत्र आढळतो. कागद वेगळे सांगतात. ज्या साखळीने खासगी शेत आखले, त्याच साखळीने गायरानही आखले. ही दोन्ही एकाच मोजणीची भावंडे आहेत. वाटणी मात्र सारखी झाली नाही. आकार देणारी काळी माती खात्यांवर चढली, मुरमाड माळ बहुधा गुरांकडे राहिला. त्याहून मोठा फरक मालकीचा. १६३४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन या नव्या वसाहतीतील लोकांनी घरटी वर्गणी काढून चराईची जमीन विकत घेतली. ती नगराची झाली आणि आज सार्वजनिक बाग म्हणून नगराचीच आहे. गायरानाचा मालक मात्र गाव झाला नाही. मालकी सरकारची, गावाकडे फक्त वापर. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेतले हे तत्त्व महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत उतरले. तिच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी चराईसाठी जमीन राखून ठेवतो आणि कलम २३ प्रमाणे तिथे चरण्याचा हक्क त्याच गावच्या गुरांना मिळतो. हंगामाप्रमाणे गावोगाव फिरणाऱ्या धनगरांच्या कळपांना या व्याख्येत जागा उरली नाही.

मोजणीच्या वेळी ज्यांच्या नावे खाते चढले नाही, त्यांच्यासाठी गायरान हीच अखेरची जमीन होती. रेल्वे आल्यावर लमाणांची बैलांवरची वाहतूक बुडाली आणि तांडे स्थिर झाले. गावकुसाबाहेरच्या दलित कुटुंबांकडे जनावरे होती, जमीन नव्हती. त्यांनी दगड वेचून माळ वाहितीखाली आणला. मराठवाड्यात १९५३ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून दलित नेते दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच मागणीसाठी देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी जुन्या कब्जांना मान्यता दिली. १९९१ च्या निर्णयाची मुदत १४ एप्रिल १९९० ही होती. त्या तारखेआधीची वाहिती सिद्ध करायला गायरानधारकाला गाव नमुना १-इ मधली अतिक्रमणाची नोंद किंवा भरलेल्या दंडाची पावती दाखवावी लागते. गुन्ह्याचा पुरावा हाच इथे हक्काचा पुरावा ठरतो, म्हणून अशा पावत्या घरोघरी जिवापाड जपल्या जातात. पट्टा मिळाला तरी तो भोगवटादार वर्ग २ चा असतो आणि परवानगीविना विकता येत नाही.

गायरान आटले ते केवळ गरिबांमुळे नाही. अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी सात राज्यांतील ८२ कोरडवाहू गावे पाहून १९८६ मध्ये दाखवले, की तीस वर्षांत सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. वाटपाच्या नावाखालीही बरीच जमीन आधीच जमीन असलेल्यांकडे गेली होती. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. भूमिहीनांना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींसारख्या अपवादांना त्यात जागा ठेवली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये संहितेत कलम २२-अ घालून, सार्वजनिक प्रकल्पासारखी मोजकी कारणे वगळता, गायरान अन्य कामाला देण्यास मनाई केली.

आज हदगावच्या शिवारातील गायरानाच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून ‘सरकार’ असते आणि ‘गायरान’ हा शब्द केवळ वापराची नोंद म्हणून येतो. त्याच गटावर गावाची गुरे, शेजारचा खातेदार, तांडा आणि माळ फोडून पिकवणारे कुटुंब असे चौघे हक्क सांगतात. चौघांपैकी मालकाच्या रकान्यात कोणीच नाही, आणि तो रकाना मोजणीच्या पहिल्या दिवसापासून तसाच आहे.