गिलसाहेबाचं वेड

कॅमेरा घेतल्यापासून दर वीकेंडला भटकंती चालू आहे. परवा केदारखेड्याला पूर्णेकाठी फोटो काढताना रॉबर्ट गिल आठवला. इथून भोकरदनमार्गे अजिंठा जवळच. कंपनी सरकारने 1844 मध्ये या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. पुढे त्याला फोटोग्राफीचं वेड लागलं. तेव्हा काचेवर रसायन लावायचं, ती ओली असेपर्यंत फोटो काढून लगेच धुवायचा! लेण्यांवरून कॅमेरा निसर्गाकडेही वळला; 1864 मध्ये फर्ग्युसनबरोबर वास्तू आणि निसर्गाच्या शंभर स्टिरिओ फोटोंचं पुस्तक निघालं.

1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. वर्षानुवर्षं रंगवलेली बहुतेक चित्रं जळाली, फोटो मात्र आजही बघता येतात.

घरी येऊन आधी बॅकअप घेतला :)