धोडपच्या वाटेवर

कळवणहून सातमाळा रांगेकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर मी वर्षभर मोटरसायकल चालवतो. आषाढात काळी माती चाकांत भरते, गाडी ढकलावी लागते. दिवाळीच्या सुमारास त्याच वाटा टणक होतात. तेव्हा इतिहासातल्या तारखा समजू लागतात.

शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली ऑक्टोबर १६७० मध्ये. परतताना वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी त्यांची लढाई झाली. बागलाणातली साल्हेरची लढाई १६७२च्या सुरुवातीची. दोन्ही वेळा पाऊस ओसरलेला होता.

मागच्या हिवाळ्यात धोडपखाली एक अनोळखी दुचाकीस्वार भेटला. माझं नाव ऐकून म्हणाला, "तुमच्या लोकांना इथंच हरवलं होतं ना?"

मी म्हणालो, "भाऊ, साल्हेरला मोगलांकडून लढताना अमरसिंह चंद्रावत पडला, तो राजपूत. आणि या धोडपखाली जून १७६८ मध्ये, पाऊस तोंडावर असताना, माधवराव पेशव्यांनी हरवलं ते त्यांच्या सख्ख्या काकांना, राघोबादादांना. यात माझे लोक कोणते, तुमचे कोणते?"

तो गप्प झाला.

फौजांचं वेळापत्रक पावसानं ठरवलं आणि बाजू चाकरीनं, सत्तेनं. आज आपण मात्र त्या नावावरून ठरवतो.