स्मृतिभ्रंशाचे जोखीम-घटक

स्मरण, विचार व व्यवहारज्ञान यांचा उत्तरोत्तर ऱ्हास करणाऱ्या स्मृतिभ्रंश या विकारसमूहाचा सर्वांत प्रबळ जोखीम-घटक वाढते वय हा असला, तरी स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ परिणाम नव्हे. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार वारशाने आल्यास या समूहातील अल्झायमर रोगाचा संभव वाढतो. परंतु ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार अल्पशिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, एलडीएल कोलेस्टेरॉलचे आधिक्य, धूम्रपान, अतिमद्यपान, शिरोघात, नैराश्य, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा व प्रदूषित हवा या १४ घटकांचे निवारण झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू अथवा लांबू शकतील. उदाहरणार्थ, ऐकू न येणारा वृद्ध घरच्या संभाषणातून हळूहळू अंग काढून घेतो आणि मेंदूची चालना मंदावते. म्हणून श्रवणयंत्राची तजवीज वेळीच करणे अगत्याचे होय.