दगडाने राखलेली बाग

जुन्या धाटणीची बाग म्हणजे चार पुतळे व एक कारंजे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील हेस्टरकूमची बाग ती खोडून काढते. पुढे दिल्लीत राष्ट्रपतिभवन उभारणारे एडविन ल्युटेन्स आणि गर्ट्रूड जीकिल यांनी ती १९०४ नंतरच्या चार वर्षांत रचली. जीकिलबाई मूळच्या चित्रकलेच्या व भरतकामाच्या. दृष्टी अधू झाली तशा त्या बागेकडे वळल्या; रंग तेच राहिले, धाग्यांच्या जागी फुले आली. ल्युटेन्सनी भिंती, पायऱ्या व पाण्याचे अरुंद पाट त्याच मुलखातील दगडात घडवून घेतले.

दुसऱ्या महायुद्धानंतर बागेची आबाळ झाली. १९७३ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, तो दोन आधारांवर: जागच्या जागी राहिलेली दगडी चौकट, आणि माळ्याच्या खोपटात मिळालेले जीकिलबाईंचे लागवडीचे नकाशे. रोपे नाहीशी झाली होती, पण त्यांची जागा हरवली नव्हती.

म्हणून जुनी बाग पुन्हा उभारणाऱ्याने रोपवाटिकेत जाण्यापूर्वी दोघांना विचारावे: जुन्या कागदाला आणि पाथरवटाला. फूल एका ऋतूत येते. घडविणारा हात एकदा गेला की तो ऋतूबरोबर परत येत नाही.