सूचनावही

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम हात घालतो तो वार्षिक अहवालांना, महोत्सवी स्मरणिकांना आणि नियामक मंडळाच्या इतिवृत्तांना. आणि त्यात वावगे असे काही नाही, कारण देणग्या कोणी दिल्या, इमारतीचा पाया कोणाच्या हस्ते घातला गेला आणि परीक्षांचे निकाल कसे लागले, हे सारे त्या कागदांतच सापडावयाचे. परंतु या सर्व कागदांचा एक समान दोष असा आहे की, ते कार्य उरकल्यानंतर, हात धुऊन आणि अंगरखा बदलून लिहिलेले असतात. मूठभर श्रोत्यांपुढे झालेले व्याख्यान अहवालात उद्बोधक ठरते, आणि जे व्याख्यान झालेच नाही त्याचा तेथे उल्लेखही राहत नाही. याच्या उलट, महाविद्यालयात आठवड्यामागून आठवडे निघत राहणारी जी साधी सूचना, म्हणजे येत्या शनिवारी वाङ्मय मंडळाची सभा भरेल, सोमवारी फीची अखेरची तारीख आहे, रविवारी सकाळी छात्रसेनेचे संचलन होईल, ती नेहमी भविष्यकाळात बोलते. आपल्या संकल्पाचे पुढे काय होणार याची तिला गंधवार्ता नसते, आणि म्हणूनच तिच्या अंगी एक प्रकारचा भाबडा खरेपणा असतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जेथे संकल्प आणि सिद्धी यांच्यामध्ये एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने सह्याद्री आणि वरून चार महिन्यांचा पाऊस उभा असे, तेथे तर या सूचनेची कुळकथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

महाविद्यालय होण्यापूर्वी हे गाव वार्तेवाचून राहत होते असे मात्र कोणी समजू नये. येथील नगर वाचनालयाची स्थापना 1828 सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून 29 वर्षांनी वडील. जनार्दन हरी आठल्ये यांचे ‘जगन्मित्र’ हे पत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथूनच निघाले, आणि 1871 पासून ‘सत्यशोधक’ साप्ताहिक सुरू झाले, ज्याचा जोतीराव फुल्यांच्या दोन वर्षांनी स्थापन झालेल्या समाजाशी नामसादृश्यापलीकडे संबंध नव्हता. सरकारी वार्तेची तऱ्हा निराळी होती. ती कचेरीच्या भिंतीवर डकवलेल्या जाहीरनाम्यातून किंवा बाजारात पिटल्या जाणाऱ्या दवंडीतून यावयाची, आणि तिच्यात रयतेने करावयाच्या गोष्टी जितक्या स्पष्ट असत, तितक्याच त्या रयतेला करता येण्याजोग्या आहेत किंवा नाहीत याविषयी बेफिकिरी असे. शिक्षणखात्याची फर्माने याच जातीची होती. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या ‘आत्मवृत्ता’त सांगितलेला प्रसंग या दृष्टीने वाचावा. इयत्ता सहावीच्या सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी मुरूडच्या या मुलाला मुंबई किंवा सातारा गाठणे भाग होते; पावसाळ्यामुळे जलमार्ग बंद, म्हणून तो सोबत्यांसह भर पावसात घाट चढून पायी साताऱ्यास गेला, आणि तेथे परीक्षा घेणाऱ्यांनी तो वयाने लहान दिसतो एवढ्याच सबबीवर त्यास परत लावले. परीक्षेची तारीख ज्या मेजावर ठरली त्या मेजावरून कोकणातला पाऊस दिसत नव्हता, एवढाच याचा अर्थ.

ही स्थिती पुढे पाऊणशे वर्षे फारशी पालटली नाही. मॅट्रिक झालेल्या रत्नागिरीकर मुलाने पदवीसाठी मुंबईस जावे, पुण्यास जावे, अथवा घाट चढून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात किंवा 1919 नंतर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात नाव घालावे, हाच शिरस्ता होता. आणि ज्याच्या घरी आंब्याच्या चार कलमांपलीकडे मिळकत नाही, त्याने पोस्टात किंवा कोर्टात कारकुनी धरावी, हाही शिरस्ताच. रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने 1945 साली महाविद्यालय काढले, तेव्हा हा शिरस्ता मोडला. आज र. प. गोगटे कला व विज्ञान आणि र. वि. जोगळेकर वाणिज्य महाविद्यालय अशा लांब नावाने, परंतु गावाच्या तोंडी केवळ ‘गोगटे कॉलेज’ म्हणून वावरणारी ही संस्था जन्मली तेव्हा युद्ध नुकतेच संपत होते, आणि कोकणपट्टीतील पालकांच्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी थोरवी तिच्या अभ्यासक्रमात नसून, मुलाला आणि विशेषतः मुलीला घरी जेवून शिकावयास जाता येईल, या साध्या गोष्टीत होती.

महाविद्यालयाबरोबर सूचनावही आली. त्या काळच्या मराठी मुलखातील कोणत्याही महाविद्यालयात तिचा जाबता एकच असे. हेडक्लार्कने मजकूर लिहावा, प्राचार्यांनी सही करावी, आणि खाकी पोषाखातील शिपायाने ती जाड पुठ्ठ्याची वही काखेत घालून वर्गावर्गातून फिरावे. व्याख्यान ऐन रंगात आले असता दार किलकिले व्हावे, प्राध्यापकांनी चष्मा सावरून सूचना इंग्रजीत वाचावी, समासात आद्याक्षरे करावीत आणि वही परत करावी. त्या वाचनाच्या तऱ्हेवरून प्राध्यापकांची परीक्षा होई. कोणी फीची सूचनाही शेक्सपिअरच्या स्वगतासारखी म्हणत, तर कोणी व्याख्यात्याचे नाव, विषय आणि वेळ ही तिन्ही एका श्वासात अशी गिळून टाकीत की, पुढे तीच सूचना वाचण्यासाठी सारा वर्ग फलकापुढे गोळा होई. तो फलक म्हणजे जाळीची किंवा काचेची दारे असलेली, कुलूप लावलेली लाकडी चौकट. तिची किल्ली शिपायाच्या कमरेला, त्यामुळे मजकूर जरी प्राचार्यांचा, तरी त्याच्या आयुष्याची मर्यादा शिपायाच्या मर्जीवर अवलंबून राहावयाची, आणि मुदत संपलेली सूचना महिनाभर तशीच लटकत राहिली तरी कोणी तक्रार करीत नसे.

मराठी ही त्या फलकावर उशिराच आली. मंडळे, सभा, वादविवाद, स्नेहसंमेलने यांच्या सूचनांत तिने प्रथम चंचुप्रवेश केला. फी, हजेरी, टर्म आणि परीक्षा यांवर इंग्रजीचा अंमल पुष्कळ काळ अबाधित राहिला. म्हणजे ज्या गोष्टी मुलांनी कराव्या असे वाटे त्या मराठीत, आणि ज्या केल्याच पाहिजेत त्या इंग्रजीत, अशी ती वाटणी होती. आणि ती कोणी ठराव करून केलेली नसल्यामुळे मला अधिक बोलकी वाटते.

या सूचनांच्या शिरोभागी ज्या विद्यापीठाचे नाव येई, ते मात्र एका पिढीत तीनदा बदलले, आणि रत्नागिरीचे भौगोलिक प्राक्तन याहून चांगल्या रीतीने दुसऱ्या कशातही दिसत नाही. प्रारंभी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. 1949 साली पुणे विद्यापीठाचे कामकाज सुरू होऊन बारा जिल्हे त्याच्या कक्षेत गेले, तेव्हा रत्नागिरीही त्यात गेली. 1962 साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिचे पत्रव्यवहाराचे तोंड आंबा घाटाकडे वळले. आणि 1974 च्या कायद्यानंतर कोकण पुन्हा मुंबईच्या पदरी पडले. इमारत तीच, प्राध्यापक तेच, समोरचा समुद्रही तोच. परंतु प्रश्नपत्रिका कोणत्या गावाहून येणार, उत्तरपत्रिका कोणत्या गावी जाणार आणि निकालाची तार कोठून यावयाची, हे पुनःपुन्हा नव्याने शिकावे लागले. कोकण मुंबईचे की घाटावरचे, या वादावर राजकारणी मंडळींनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. सूचनावहीच्या शिरोभागाने तो वाद काही न बोलता, पाळीपाळीने दोन्ही बाजूंनी निकालात काढलेला दिसेल.

आता मुख्य गोष्ट, पावसाची. रत्नागिरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सारा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमका महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात, येऊन कोसळतो. आगबोटीच्या काळात हा केवळ भिजण्याचा प्रश्न नव्हता. ज्येष्ठाच्या सुमारास मुंबईची आगबोट बंद होई, ती समुद्र निवळल्यावर, नारळी पौर्णिमा उलटून गेली की पुन्हा सुरू होई. मधल्या काळात मोठा वक्ता आणावयाचा तर तो कोल्हापूरकडून मोटारीने घाट उतरून यावयाचा, आणि घाटात दरड आली की व्याख्यानाची सूचना तशीच फलकावर राहून वक्ता मलकापुरास मुक्काम करावयाचा. हवामान चांगले असतानाही प्रवास सुखाचा नव्हता. आगबोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागे. धोतराचा सोगा सावरीत पडावात उतरणारा विद्वान आणि त्यास हात देणारे खलाशी, हे दृश्य स्वागतपर भाषणात कधी वर्णिले गेले नसले तरी त्या भाषणाचा पूर्वार्ध तेच होते.

यामुळे येथल्या शैक्षणिक वर्षाला आपोआप एक घडण आली, जी पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांहून निराळी होती. पहिले सत्र स्थानिक वक्त्यांचे, काव्यवाचनाचे, वादविवादाचे आणि भित्तिपत्रकांचे. कारण हे सारे छपराखाली आणि गावातल्या माणसांवर भागते. क्रीडास्पर्धा, सहली, बाहेरचे पाहुणे आणि स्नेहसंमेलन ही सारी दिवाळीनंतरची. गौरी-गणपतीचे दिवस तर फलकावर सुटी लागो अथवा न लागो, वर्ग ओस पडावयाचेच, कारण मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असताना संगमेश्वर-लांज्याकडचा मुलगा वसतिगृहात बसून लॉजिक वाचील, अशी अपेक्षा कोणाही शहाण्या प्राचार्याने केली नसती. शिमग्याचेही तसेच, पालखी गावात फिरू लागली की परीक्षा तोंडावर आली आहे हे सांगणारी सूचना एकटी फलकावर राही.

भित्तिपत्रकाचा उल्लेख ओघात आला, पण तो थोडा थांबून करावयास हवा. हस्तलिखित मासिकांची परंपरा मराठी शाळांतून जुनीच होती. महाविद्यालयात ती भिंतीवर चढली. सुवाच्य अक्षराचा एक मुलगा, चित्रे काढणारा एक आणि उरलेले सारे लेखक, एवढ्या भांडवलावर ते निघे, आणि पंधरा दिवसांनी खाली उतरून नाहीसे होई. मुद्रित वार्षिक अंकात जाण्यापूर्वी लेख संपादक-प्राध्यापकांच्या तांबड्या पेन्सिलीखालून जात. भित्तिपत्रकात ती पेन्सिल शिथिल असे, म्हणून महाविद्यालयातील खरी वार्ता, म्हणजे वाचनालयात पुस्तके कोण दडवतो, खाणावळीच्या आमटीची जात कोणती आणि कोणत्या प्राध्यापकांच्या तासाला हजेरी दोनदा होते, ती तेथे उपहासाच्या रूपाने प्रगट व्हावयाची. गोगटे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे नाव ‘सहकार’. त्याचे खंड बांधून ठेवले जातात, संशोधकांना पाहावयास मिळतात. भिंतीवरच्या कागदांना ते भाग्य लाभत नाही. माझ्या मते हा व्यवहार उलटा आहे, परंतु जतन करण्याची शिफारस ज्यांनी करावयाची, त्यांची थट्टाच त्या कागदांवर होती, हेही विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात फलकावरची गर्दी वाढली. राष्ट्रीय छात्रसेना 1948 ची, राष्ट्रीय सेवा योजना 1969 ची. एकीने रविवारची सकाळ घेतली आणि दुसरीने दिवाळीनंतरचा आठवडा खेड्यांतील श्रमशिबिरांना दिला. फीमाफीच्या आणि ई. बी. सी. सवलतीच्या सूचना जसजशा लांबत गेल्या, तसतसा गावाबाहेरचा, कुणबी-भंडारी-गाबीत घरांतला विद्यार्थी महाविद्यालयात येत गेला; त्याला वाङ्मय मंडळाच्या सभेपेक्षा उत्पन्नाच्या दाखल्याची अखेरची तारीख अधिक महत्त्वाची होती, आणि तहसील कचेरीतून तो दाखला वेळेवर मिळणे हे वक्ता घाट उतरून येण्याइतकेच अनिश्चित होते. 1977 साली रत्नागिरीस आकाशवाणी केंद्र झाले, तेव्हा युववाणीच्या निमित्ताने महाविद्यालयातील मुलांचे आवाज घरोघर ऐकू येऊ लागले. शिरगावास 1981 साली मत्स्य महाविद्यालय निघाले. एके काळी जिल्ह्याबाहेर जाऊन मिळवावयाची विद्या आता गावात वेगवेगळ्या दारांनी मिळू लागली होती.

निवडणुकीचा हंगाम हा फलकाच्या सुवर्णकाळाचा शेवटचा अध्याय. विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुकीत उमेदवारांची पत्रके चौकटीबाहेर, भिंतीवर, झाडांवर, सायकलींच्या कठड्यावर पसरत, आणि कुलपाची किल्ली बाळगणाऱ्याचा अधिकार पंधरा दिवस तहकूब होई. मुंबईसारख्या शहरांत या निवडणुकांना हिंसेचे गालबोट लागले आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणानुक्रमावर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणून थेट मतदान बंद केले. गुंडगिरी थांबली हे खरे. परंतु विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांना उद्देशून, कोणाच्या सहीवाचून, जाहीरपणे काही लिहिण्याचा एकमेव वार्षिक प्रसंगही त्याबरोबर गेला, आणि ज्या लहान गावांत गुंडगिरी नव्हती तेथे हा हिशेब तोट्याचाच पडला असे मला वाटते.

पुढचे सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे. 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि पाहुणा रात्री मुंबईहून निघून सकाळी व्यासपीठावर बसू लागला. पावसाळी वेळापत्रक रेल्वेलाही वेगळे ठेवावे लागते, एवढीच काय ती जुन्या काळाची सनद उरली. वही काखेत घालून फिरणारा शिपाई वर्गाच्या दारात दिसत नाही, कारण सूचना आता विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर येते, आणि दुसरी आली की पहिली वर सरकून दिसेनाशी होते. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला की सुटी जिल्हाधिकारी जाहीर करतात, ती रात्रीच घरोघर पोचते, आणि प्राचार्यांना ती विद्यार्थ्यांबरोबरच, क्वचित त्यांच्याकडूनच, कळते.